लेकीच्या घरचा सर्व्हर

आमच्या गावाचा ग्रुप बंद पडला त्या दिवशी मी पवनीच्या कॉलेजात पोरांना कॉम्प्युटरवर तक्ते कसे करायचे ते शिकवत होते. भावाचा फोन आला. तो माझ्याहून लहान, पण बोलतो असा की गावची पाटीलकी त्याच्याकडेच आहे. "बाई, गाव दिसून नाही राहिलं," तो म्हणाला. मी म्हटलं, "गाव पाण्यात जाऊन जमाना झाला, तुले आज समजलं का?" तो चिडला. "थे नाई वं. मोबाइलातलं."

आमचं गाव वैनगंगेच्या काठी होतं. अर्धं गाव धान लावायचं, अर्धं नदीत जाळं टाकायचं. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं आणि गाव उठवून तीन ठिकाणी वसवलं गेलं. त्या वसाहतींना कागदावर नावं आहेत, पण बोलताना सगळे 'पहिलं पुनर्वसन', 'दुसरं पुनर्वसन' आणि 'नाल्यापलीकडचं' असंच म्हणतात. आई आणि भाऊ पहिल्यात गेले, वडिलांचे थोरले भाऊ म्हणजे आमचे मोठेबाबा दुसऱ्यात, आणि ज्या मैत्रिणींबरोबर मी नदीत डुंबले त्यांची माहेरं नाल्यापलीकडे. मी तोवर लग्न होऊन पवनीला आले होते. त्यामुळे गावानं कुठे जावं हे मला कोणी विचारण्याचा प्रश्नच आला नाही.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला असतो. आज या गावची, उद्या त्या गावची. दुकानं लागतात, पाहुणे येतात, सासरी गेलेल्या लेकी झाडून माहेरी येतात, आणि दिवस मावळला की दंडार उभी राहते; गावचेच बाप्ये लुगडी नेसून, तोंडाला रंग लावून नाचतात, गातात, एकमेकांना बडवतात. गाव तुटलं तेव्हा भांडी, देव, म्हशी यांची वाटणी झाली, पण मंडईचा दिवस वाटता येईना. तिन्ही वसाहतींनी तो आपलाच म्हणून धरून ठेवला. एकाच दिवशी तीन मंडया! हाल झाले ते आम्हा लेकींचे. भावाकडे जावं तर मोठेबाबांचं तोंड वाकडं, मोठेबाबांकडे जावं तर मैत्रिणी वर्षभर टोमणे मारणार. मी सकाळी इकडे, दुपारी तिकडे अशी ऑटोनं धावत असायचे आणि कुठेच धड माहेरी आल्यासारखं वाटायचं नाही.

सगळे एकत्र होते ते फक्त त्या मोबाइलातल्या ग्रुपवर. नाल्यापलीकडच्या कोणीतरी एका मोठ्या कंपनीच्या जागेवर तो उघडला होता. जुन्या गावचं कोणीही त्यात येऊ शकत होतं. पोरं, लेकी, हौशी जावईसुद्धा. जुन्या घाटाचे फोटो होते, शाळेचे होते, दंडारीचे तर ढीग होते. त्या वर्षी पावसाळ्यात धानाच्या रोवण्या चालू असताना कोणीतरी लिहिलं, 'यंदा एकच मंडई करू.' मी वाट बघत बसले, आता भांडण पेटणार म्हणून. पेटलं नाही. कोणी अंगठा दाखवला, कोणी हात जोडले, कोणी जागा सुचवली. मी रोज भाजी फोडणीला टाकण्याआधी तो ग्रुप उघडून बघायचे. मला ती मंडई हवी होती. फार मोठं काही मागत नव्हते. वर्षातून एक दिवस माझं सगळं माहेर एका मैदानात उभं असावं, एवढंच.

आणि रोवण्या आटोपता आटोपता ग्रुप गेला. 'नियमांचे उल्लंघन' एवढं एक वाक्य उरलं. कोणता नियम ते सांगितलेलं नाही. माझा अंदाज असा की दंडारीच्या व्हिडिओत लुगडं नेसलेल्या बाप्याला दुसरा बाप्या काठीनं झोडपतो ते कंपनीच्या यंत्रानं खरं धरलं. मी दाद मागितली. शुद्ध मराठीत उत्तर आलं की आपल्या भावना आम्ही समजतो. माझ्या भावना समजून घेणारं आयुष्यात पहिल्यांदा कोणी भेटलं, तर ते यंत्र निघालं! मी परत लिहिलं, परत तेच उत्तर. तिसऱ्यांदा मी आमच्या झाडीबोलीत शिव्या लिहिल्या, त्यावरही तेच. एक जितंजागतं माणूस सापडेना, ज्याच्या दारात जाऊन बसावं.

इंटरनेटवर अशीही जाळी असतात ज्यांना एक मालक नसतो, हे मला कॉम्प्युटर शिकवण्याच्या धंद्यामुळे माहीत होतं. ज्यानं त्यानं आपापला सर्व्हर म्हणजे आपलं घर बांधायचं, आणि त्या घरांमध्ये पायवाटा असतात. एका घरातल्या माणसाला दुसऱ्या घरातल्याशी बोलता येतं. कोणी कंपनी उठून सगळ्यांना एकदम हाकलू शकत नाही. आमच्या मंडयांसारखंच. सगळ्या मंडयांचा मिळून कोणी एक मालक असतो का? मला ही तुलना इतकी आवडली की मी ती नवऱ्याला जेवताना ऐकवली. तो म्हणाला, "चला, आता घरात कंपनीची मालकीण आली." पण त्यानंच जुना कॉम्प्युटर साफ करून दिला. तो आम्ही इन्व्हर्टरजवळच्या फडताळात ठेवला, आणि आमच्या बुडालेल्या गावाच्या नावानं तिथं एक घर उघडलं. मी खूश होते. आता कोणाच्या बापाची हिंमत नाही हे बंद करायची, असं मी मोठ्यानं म्हणालेसुद्धा.

पहिला फोन भावाला. "कोन कोन हाय त्याच्यात?" त्यानं विचारलं.

"मी हाय."

"अन्?"

"माय हाय. तिच्या मोबाइलात मी टाकून देल्लं."

"मंग मायले तर मी आवाज देतो ना घरातूनच."

मी म्हटलं, तू आलास की तिघं होतील, मग चौघं. तो म्हणाला, लोक आले की सांगजो, मी येतो. प्रत्येक जण हेच म्हणाला. सगळे यायला तयार होते, फक्त सगळे आल्यानंतर. नाल्यापलीकडच्या मैत्रिणीनं विचारलं, तिथं नाचगाण्याचे, स्वयंपाकाचे व्हिडिओ येतात का. मी म्हटलं नाही, तिथं फक्त आपलं गाव आहे. ती म्हणाली, "मंग दिवसभर उघडून पाहाचं कायले? गाव तं पाहून हाय." ती खोटं बोलत नव्हती म्हणून मला जास्त राग आला. हट्टानं जे दोघे-चौघे आत शिरायला निघाले ते दारातच अडले, कारण आधी कोणत्या घरात राहायचं ते निवडा असं स्क्रीन विचारायची. कुठे राहायचं ते निवडा! आमच्या लोकांना हे याआधी एकदा विचारून झालं होतं. एका म्हाताऱ्या काकूंनी तो प्रश्न वाचताच मोबाइल नातसुनेच्या हातात दिला आणि परत मागितला नाही.

या जाळ्यांचे जे जाणते लोक जगभर आहेत त्यांना मी माझी अडचण लिहिली. भली माणसं, पण उपदेशाची भारी हौस. लोकांना जागरूक करा, म्हणाले. त्यांच्या मते लोक आळशी असतात आणि गुलामीची त्यांना सवय होते. मला वाटलं यांना एकदा पुनर्वसनात आणून सोडावं आणि म्हणावं, करा जागरूक. ज्यांच्या चुलीवर पाणी आलं त्यांना मालक म्हणजे काय हे ते शिकवणार! आणि त्यात एके दिवशी आमच्याकडची लाइन गेली ती दिवसभर आलीच नाही, इन्व्हर्टरही बसला. संध्याकाळी भावाचा फोन. "बाई, तुह्यावालं बंद हाय!" त्याच्या आवाजात इतका आनंद होता की बस. कंपनीनं सगळा ग्रुप कायमचा गिळला तेव्हा 'होते असं' म्हणून गप्प बसलेला माणूस, माझी लाइन गेली तर मला पकडल्यासारखा हसत होता.

शेवटी मी ठरवलं की मोठेबाबांना गाठायचं. तिन्ही वसाहतींत त्यांचा शब्द चालतो. ते आले की मागून सगळे येतील. रविवारी दुसऱ्या पुनर्वसनात गेले. ते अंगणात बाजेवर बसून फाटलेलं जाळं तुणत होते. आमचं घर धानवालं, पण म्हातारपणी त्यांनी शेजाऱ्यांकडून हे काम उचललं. मी त्यांना सगळं समजावलं, मंडईचं उदाहरण देऊन. त्यांना पटापट कळत गेलं. कंपनी आपल्याला फुकट का बसू देते, तेही कळलं. मला वाटलं, जिंकले. मग त्यांनी हातातली सुई थांबवून विचारलं, "थे मशीन ठेवली कोठी हाय?"

"माह्या घरी."

"म्हंजे तुह्या सासरी."

मी हो म्हटलं. मोठीआई दारात येऊन उभी राहिली. "बाई," ते म्हणाले, "मी तुह्या घरचं पाणी पेलो का कधी?"

नव्हते प्याले. आमच्याकडची जुनी माणसं लेकीच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत. दिलेल्या लेकीकडून काही घ्यायचं नसतं. मोठेबाबा पवनीला डोळे दाखवायला येतात तेव्हा आमच्याकडे हमखास डोकावतात, ओसरीवर बसतात, नातवंडांच्या हातावर खाऊ ठेवतात, आणि तहान लागली की आपल्या पिशवीतली बाटली काढतात. मला ते लहानपणापासून इतकं ओळखीचं होतं की त्यात काही वावगं दिसलंच नव्हतं.

"अन् आता साऱ्या गावाचा संसार तुह्या घरी नेऊन ठेवू?"

मी म्हटलं, कंपनीचं मशीन कुठल्या परदेशात आहे ते तुम्हाला ठाऊक तरी आहे का? तिकडचं चालतं? "चालते," ते म्हणाले. "थे कोनाचंच घर नाई. तिथं आपल्याले तोंड नाई दाखवा लागत." मोठीआई म्हणाली, "आमी भांडतो, एकमेकाचं काढतो. थे सारं तुह्या नवऱ्याच्या घरात जमा होईन. तुह्या सासूले काय वाटन?" मी शपथ घेतली की मी कोणाचं काही वाचणार नाही. मोठेबाबांनी माझ्याकडे प्रेमानंच बघितलं. "तू वाचनार नाईस. पन तुले वाचता येते ना?"

परत येताना बसमध्ये मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. त्या कंपनीत बसलेला कोणीतरी त्यांचं सगळं उघडून बघतो, ते विकतो, त्यावर शेती करतो, हे त्यांना कळलं होतं, आणि तरीही त्यांना तोच बरा वाटत होता, कारण तो मंडईत समोर येणार नव्हता. परक्यानं वाचलं तर ते वाचल्यासारखं नाही. मी वाचलं तर अब्रू गेली. गावाला धरणाची नोटीस ज्यानं पाठवली त्याचं तोंडही कोणी पाहिलं नाही आणि त्याच्यावर आजही कोणाचा म्हणावा तसा राग नाही. जवळच्यावर मात्र पाळत. त्या दिवशी मला माझ्या माणसांची चीड आली, अगदी मनापासून, आणि ती अजून गेलेली नाही.

मी हरायला तयार नव्हते. मशीन भावाच्या घरी ठेवायचं म्हटलं. तर दुसऱ्या पुनर्वसनातले म्हणाले, मग ते पहिल्यावाल्यांचं झालं. बरं, तीन वसाहतींत तीन मशिनी ठेवू, आपसांत बोलतील, या जाळ्याचं तर हेच मोठं वैशिष्ट्य! भावाच्या अंगणात सभा भरली. पहिला प्रश्न आला, "पासवर्ड कोनापाशी राहीन?" त्यानंतर दुसरा प्रश्न आलाच नाही. नाल्यापलीकडच्यांनी सांगितलं की पहिल्यावाल्यांच्या मशिनीशी आमची मशीन बोलणार नाही. मशीन अजून आलेलीही नव्हती आणि तिचा अबोला ठरून गेला. मालक नको म्हणून मांडलेल्या जाळ्याची सभा, मालक कोण यावरून मोडली. आई चहाचे कप उचलत होती. मी तिला मदतही न करता निघून आले.

त्यानंतर माझ्या सर्व्हरवर आम्ही दोघीच राहिलो, मी आणि आई. आई तिथं रोज आवाजात निरोप टाकायची. वांग्याची भाजी केली. बोडीच्या पाण्यावर बगळे आले. गुडघा दुखून राहिला. कधी परदेशातून कोणी तरी यंत्र यायचं आणि स्वस्तातल्या गोळ्या विकायला बघायचं, त्याला मी हाकलायचे. ऐन दिवाळीच्या तोंडावर आईचा निरोप आला, "बाई, मंडई एकच होऊन राहिली वं. नाल्याजवळच्या पडीत. चांगलं लुगडं घेऊन येजो."

मी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. रडलेही. कसं ठरलं, कोणी ठरवलं, हे विचारायचं सुचलंच नाही. माझ्या डोक्यात असं आलं की त्या मोडलेल्या सभेनं काहीतरी काम केलं असणार, भांडून भांडून लोक दमले असणार. थोडं श्रेय मी गुपचूप स्वतःकडेही घेतलं.

मंडई देखणी झाली. खोटं कशाला बोलू. तिन्ही वसाहती त्या मोकळ्या, पडीक जागेत उतरल्या होत्या. मोठेबाबा आणि नाल्यापलीकडचे म्हातारे एका बाकावर बसून तंबाखू मळत होते. मैत्रिणींनी मला ओढून नेऊन बांगड्या भरायला लावल्या. मला त्या दिवशी कुठेही धावावं लागलं नाही. आईच्या शेजारी मी निवांत बसून जिलबी खाल्ली आणि मनात म्हटलं, मिळालं, एवढंच हवं होतं. दिवस कलला, दंडारीचा मंडप सजायला लागला, आणि लाउडस्पीकरवरून कोणीतरी ओरडलं, "साऱ्याईनं फोटो आपल्या ग्रुपवर टाका होऽऽ!"

माझ्या आजूबाजूच्या सगळ्या बायकांनी कमरेचे, पिशवीतले मोबाइल काढले. आईनंसुद्धा काढला. मी भावाला शोधलं. तो मंडपाच्या दोरीशी उभा होता. "कोन्ता ग्रुप?"

"नवरात्रात काढला ना. त्याच कंपनीचा." तो सहज म्हणाला. "एका संध्याकाळी सारे आले पाहा. मंडई त्याच्यातच ठरली."

"मले काहून नाई घेतलं?"

"तुह्यावालं तं वेगळं हाय ना, बाई."

मी म्हटलं, ते राहू दे, आता घे. माझ्या हातात मोबाइल तयार होता. त्याच कंपनीच्या त्याच जागेवर जायला, तिच्या सगळ्या अटींना न वाचता हो म्हणायला, मी त्या क्षणी तयार होते. भाऊ दोरी ओढत राहिला. "थे गावकऱ्यांचा हाय. लेकीबाई घेतल्या तं जवाईही घ्या लागतेत. मंग थे वाचत बसतीन आपलं. साऱ्याईनं ठरवलं तसं."

"मोठेबाबानंही?"

"थेच तं म्हनले."

"अन् माय कशी हाय त्याच्यात?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की हा काय प्रश्न झाला. "माय तं गावचीच हाय."

आमची आई नाकाडोंगरीची. वाघाच्या जंगलाशेजारून, खाणीच्या धुळीतून लग्न होऊन आली तेव्हा तिनं एवढी मोठी नदी पहिल्यांदा पाहिली होती. मी त्या नदीच्या काठी जन्मले, तिथं पोहायला शिकले, तिथली शाळा शिकले. पण तिला या गावानं आणलं होतं आणि मला या गावानं देऊन टाकलं होतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण इतक्या साध्या आवाजात कोणी सांगितलं नव्हतं.

कंपनीला मी महिनोन्‌महिने शिव्या घातल्या होत्या. तिनं न विचारता, न ऐकता बाहेर काढलं होतं, पण काढलं ते सगळ्या गावाबरोबर काढलं होतं. तिच्या यादीत तरी मी त्या गावची होते.

मंडपात ढोलकी वाजायला लागली. भावानं दोरीची गाठ मारली, माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याला जरा वाईट वाटलं असावं. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू कायले नाराज होतं? मी पाठवीन ना तुले फोटो."

"सारे?"

"चांगले चांगले," तो म्हणाला आणि दंडारीकडे गेला.